घरासाठी एस्प्रेसो यंत्र निवडताना: हाताचा लिव्हर की स्वयंचलित?

एस्प्रेसोचे यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक जण लगेच यंत्रांच्या याद्या पाहू लागतात, आणि बार, वॅट, बॉयलर या शब्दांच्या गर्दीत मूळ प्रश्न मागे पडतात: घरात कॉफी कोण करणार, एका वेळी किती कप लागणार आणि त्यांत दूध किती असणार. माझ्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात गेली काही वर्षे एक लिव्हरचे (हाताने दांडा दाबून चालणारे) आणि एक पंपाचे (विजेवर चालणारे) अशी दोन यंत्रे शेजारी शेजारी आहेत. दोन्ही रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या घरात रोज दोनपेक्षा जास्त कप दुधाची कॉफी लागते त्या घराने पहिले यंत्र म्हणून लिव्हर घेऊ नये. आणि ज्याला दिवसाला एक-दोन कप काळी एस्प्रेसो हवी आहे व ती कशी बनते हे समजून घेण्याची इच्छा आहे, त्याने पंपावर पैसे खर्च करण्याची गरज नाही. हे मत कशावरून झाले ते पायरीपायरीने मांडतो.

आधी मूळ क्रिया

बारीक दळलेल्या आणि घट्ट दाबलेल्या कॉफीच्या थरातून सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सियसचे पाणी साधारण ९ बार दाबाने ढकलले, की पंचवीस-तीस सेकंदांत जो दाट अर्क पेल्यात उतरतो तो एस्प्रेसो. आज रूढ असलेले प्रमाण १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम पेय असे आहे. ९ बार म्हणजे पाण्याखाली सुमारे ९० मीटर खोलीवर जाणवणारा दाब. ५८ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर तो दाब आणायचा तर सुमारे २४० किलो भार लागतो. एवढा भार माणूस नुसत्या हाताने देऊ शकत नाही, म्हणून लांब दांड्याची तरफ लागते किंवा विजेचा पंप लागतो. यंत्रांमधला सारा भेद इथून सुरू होतो.

इतिहासाचा क्रमही तोच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ मध्ये, मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते वाफेच्या दाबावर चालत असे, आणि तो दाब जेमतेम दीड-दोन बार होता. पुढे आकिले गाज्जिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगच्या तरफेचे यंत्र बाजारात आणले आणि पेयावर सोनेरी-तपकिरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, पहिल्यांदाच दिसू लागला. विजेच्या पंपाने हे काम माणसाच्या दंडावरून काढून घेतले ते १९६१ मध्ये, फाएमा कंपनीच्या ई६१ या यंत्राने. म्हणजे आपण ज्याला एस्प्रेसो म्हणतो ते पेय आधी लिव्हरवर जन्मले आणि पंप मागाहून आला. लिव्हर हा हौशी लोकांनी काढलेला नवा प्रकार आहे, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

दुकानात खोक्यावर "१५ बार" किंवा "२० बार" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तो आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो. चांगल्या यंत्रात एक झडप तो दाब ९ बारच्या आसपास रोखून धरते. त्यामुळे १५ पेक्षा २० चांगले असा हिशेब करू नये. पंप नसलेली, फक्त वाफेच्या दाबावर चालणारी, काचेचे भांडे असलेली स्वस्त यंत्रेही "एस्प्रेसो" या नावाने विकली जातात. त्यांतून कडक कॉफी मिळते, आणि ती दुधात बरीही लागते, पण त्या क्रियेला मी एस्प्रेसो म्हणणार नाही.

पहिली पायरी: घरातल्या कॉफीची नोंद

एक आठवडा वहीत लिहून ठेवा: सकाळी किती कप लागले, कोणी घेतले, दुधासह की दुधाशिवाय, आणि पाहुणे आले त्या दिवशी किती. हे काम क्षुल्लक वाटते, पण निम्मा निर्णय त्यावर ठरतो. बॉयलर (पाणी तापवण्याची टाकी) नसलेल्या लिव्हर यंत्रावर एक कप करायला, भांडे गरम करण्यापासून ते वापरलेली पूड काढून पुन्हा भरण्यापर्यंत, हात बसल्यावरही पाच-सहा मिनिटे लागतात. एका माणसासाठी ती मिनिटे सुखाची असतात. चार पाहुणे दिवाणखान्यात बसले असतील तर तोच वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा होतो, आणि पहिल्याची कॉफी संपते तेव्हा चौथ्याची सुरूही झालेली नसते.

आणखी एक गोष्ट त्या वहीत लिहा: यंत्र कोण चालवणार. घरातल्या आजी-आजोबांनाही कॉफी करून घ्यायची असेल, किंवा मनगट-खांद्याचे दुखणे कोणाला असेल, तर दोन्ही हातांनी भार द्यावे लागणारे यंत्र त्यांच्यासाठी नाही.

दुसरी पायरी: यंत्राआधी दळण

नवख्या माणसाची सर्वांत महागडी चूक म्हणजे सगळे पैसे यंत्रात घालून दळण मिक्सरच्या भांड्यात करणे. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, फोडते. त्यामुळे पिठासारखी भुकटी आणि रव्यासारखे कण एकाच पुडीत येतात. पाणी कणांमधून पळते आणि भुकटीत अडते, म्हणून एकाच पेल्यात आंबटपणाही येतो आणि कडवटपणाही. एस्प्रेसोसाठी दळण पिठीसाखरेपेक्षा थोडे जाड आणि बारीक मिठापेक्षा थोडे बारीक लागते, शिवाय ते रोज अगदी थोडे मागेपुढे करता आले पाहिजे. त्यासाठी जात्यासारख्या दोन दातेरी चकत्या किंवा शंकू असलेला, एस्प्रेसोच्या बारकाईपर्यंत जाणारा ग्राइंडर हवा.

माझा सल्ला असा की, ठरवलेल्या रकमेचा निदान तिसरा, शक्यतो निम्मा हिस्सा ग्राइंडरसाठी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत यंत्र पाहा. रक्कम मर्यादित असेल तर हाताने फिरवण्याचा चांगला ग्राइंडर त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा पुष्कळदा उजवा ठरतो. १८ ग्रॅम बियांना साधारण एक मिनिट फिरवावे लागते. ग्राइंडर घ्यायचाच नसेल तर निदान दुहेरी तळाची बास्केट (पूड भरायची गाळणी) असलेले पंपाचे यंत्र घ्या. त्या बास्केटच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते, दाब पुडीऐवजी त्या छिद्रामुळे तयार होतो, आणि विकतची दळलेली पूडही चालून जाते. त्यातला फेस खऱ्या क्रेमासारखा नसतो, पण दूध घातल्यावर फारसा फरक जाणवत नाही. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीसाठी मिळणारी चिकोरीमिश्रित पूड मात्र कोणत्याही एस्प्रेसो यंत्रात घालू नये. चिकोरी पाण्यात फुगून चिकट होते आणि गाळणी तुंबते.

तिसरी पायरी: लिव्हर म्हणजे नेमका कोणता

लिव्हर हे एकच नाव असले तरी त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत साधा प्रकार बॉयलर नसलेला. फ्लेअर आणि काफेलात रोबोट ही यातली परिचित नावे. यात वीज नाही, पंप नाही. किटलीत उकळलेले पाणी वरून ओतायचे आणि दांडा किंवा दोन्ही बाजूंचे हात खाली दाबायचे. बिघडण्यासारखे यात रबराच्या वलयापलीकडे फार काही नसते, आणि ते वलय घरी बदलता येते. पहाटे पाच वाजता घरातल्या कोणाचीही झोप न मोडता कॉफी होते. ज्या गावांत भारनियमन अजून चुकलेले नाही तिथे गॅसवर पाणी उकळून, हाताने बिया दळून, विजेशिवाय खरी एस्प्रेसो करता येते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. उणिवा दोन आहेत. पहिली, धातूचे भांडे आधी नीट गरम केले नाही तर पाणी पुडीपर्यंत पोहोचेस्तोवर निवते आणि पेय आंबट होते. रोबोटसारख्या रचनेत हा त्रास कमी, जड धातूचे वेगळे भांडे असलेल्या यंत्रांत जास्त. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, म्हणजे यात वाफ नाही, म्हणून दूध फेसाळता येत नाही.

दुसरा प्रकार बॉयलरसह थेट लिव्हरचा, ला पावोनी कंपनीच्या युरोपिकोला यंत्रासारखा. यात पाणीही तापते आणि दुधासाठी वाफही मिळते, आणि दांडा हाताने खाली आणताना दाब सर्वस्वी तुमच्या हातात असतो. दिसायला हे यंत्र फार सुंदर असते, आणि पुष्कळ जण त्या रूपाला भुलून पहिले यंत्र म्हणून तेच घेतात. मी तसे करू नका असे आग्रहाने सांगेन. दोन-तीन कप लागोपाठ केले की त्याचे डोके (पुडीवर पाणी सोडणारा भाग) गरजेपेक्षा जास्त तापते आणि कॉफी करपट लागू लागते. ते निवण्याची वाट पाहावी लागते. बॉयलरमध्ये दाब असताना वरचे झाकण उघडणे धोक्याचे आहे, कारण उकळते पाणी आणि वाफ उसळून बाहेर येते. दाब पुरता उतरण्याआधी पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेली मुठीची पळी) काढला तर गरम पूड अंगावर उडते. पहिल्याच महिन्यात घाईत मी तसे केले आणि मनगटाला भाजले. ती खूण आजही आहे. लहान मुले असलेल्या घरात हे यंत्र ओट्याच्या कडेला ठेवू नये.

तिसरा प्रकार स्प्रिंगचा. इथे दांडा खाली ओढून आपण स्प्रिंग आवळतो आणि मग स्प्रिंग दट्ट्याला ढकलते. दाब सुरुवातीला जास्त असतो आणि शेवटी आपोआप उतरत जातो, म्हणून पेये एकमेकांशी बरीच जुळतात. एकच दक्षता घ्यायची: पोर्टाफिल्टर रिकामा असताना, किंवा पुडीने पुरेसा अटकाव केला नसताना, दांडा हातातून सुटला तर तो जोराने वर उसळतो. तोंड दांड्याच्या रेषेत कधीही ठेवू नये.

लिव्हरचा खरा लाभ हाताला होणाऱ्या जाणिवेत आहे. दळण जाड असेल तर दांडा पोकळ लागतो, बारीक असेल तर अडतो, आणि पूड एका बाजूने फुटली तर तो अचानक हलका होतो. ही माहिती पंपाचे यंत्र हाताला देत नाही. सुरुवातीची पाच ते दहा सेकंदे हलक्या दाबाने पूड भिजवायची, मग ८-९ बारपर्यंत जायचे आणि शेवटी दाब ५-६ वर आणायचा, हा क्रम हाताने सहज साधतो. पंपाच्या यंत्रांत तेच करायला बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. म्हणून दाबमापक काटा असलेले लिव्हर यंत्र मिळत असेल तर थोडे अधिक पैसे देऊनही तेच घ्यावे. काटा नसेल तर शिकणारा चाचपडत राहतो.

चौथी पायरी: "स्वयंचलित" या शब्दाचे तीन अर्थ

पंपाची यंत्रेही एकसारखी नसतात. अर्धस्वयंचलित यंत्रात पूड आपण भरतो, आपण दाबतो, बटण आपण सुरू आणि बंद करतो. पंप फक्त दाब देतो. स्वयंचलित यंत्र ठरावीक पाणी मोजून आपोआप थांबते. पूर्ण स्वयंचलित यंत्र बिया दळण्यापासून वापरलेली पूड टाकण्यापर्यंत सारे स्वतः करते, आणि आपण फक्त पेला ठेवतो.

दूध पिणाऱ्या बहुसंख्य मराठी घरांसाठी मला अर्धस्वयंचलित यंत्र योग्य वाटते. त्यात पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे पाणी कसे तापते. थर्मोब्लॉक (वाहते पाणी तापवणारा धातूचा ठोकळा) असेल तर यंत्र मिनिटभरात तयार होते, पण वाफ बेताची असते. एकच बॉयलर असेल तर आधी कॉफी करायची, मग वाफेसाठी तापमान वाढण्याची वाट पाहायची, आणि पुढच्या कॉफीआधी ते पुन्हा खाली आणायचे. दिवसाला दोन कपांना हे ठीक आहे, सहा कपांना कंटाळवाणे. दोन बॉयलर किंवा उष्णता-विनिमयाची नळी असलेल्या यंत्रात कॉफी आणि दूध एकाच वेळी होते. त्यासाठी किंमत, जागा आणि तापण्याचा वेळ तिन्ही वाढतात. ई६१ पद्धतीचे जड डोके असलेले यंत्र नीट तापायला अर्धा तास घेते, हे कामावर निघण्याच्या घाईत लक्षात राहते.

दुधाविषयी एक सूचना. फ्रिजमधले गार आणि साय काढलेले दूध घ्या, म्हणजे फेस तयार व्हायला वेळ मिळतो, आणि ५५ ते ६५ अंशांवर थांबा. आपल्याकडे उकळत्या कॉफीची सवय असल्याने हे कोमट वाटते, पण ७० अंशांच्या पुढे दुधाचा गोडवा जातो आणि वास बदलतो. लिव्हरवरच मन बसले असेल आणि दूधही हवेच असेल, तर दूध पातेल्यात ६० अंशांपर्यंत तापवून फ्रेंच प्रेसमध्ये दांडा वरखाली करून फेसाळता येते. फेस वाफेइतका रेशमी होत नाही, तरी एका कपासाठी पुरतो.

पूर्ण स्वयंचलित यंत्र घेणाऱ्याला कमी लेखण्याची पद्धत मला पटत नाही. ज्या घरात पाच माणसे वेगवेगळ्या वेळी उठतात आणि कोणालाच दळण जुळवण्यात रस नाही, तिथे तेच योग्य आहे. मात्र त्याची देखभाल कमी असते हा समज खोटा आहे. डेलोंगीसारख्या यंत्रांत आतला कॉफी काढण्याचा भाग बाहेर काढता येतो, आणि तो आठवड्यातून एकदा नळाखाली धुवावा लागतो. युरा यंत्रांत तो वापरणाऱ्याला काढता येत नाही, तिथे कंपनीच्या गोळ्यांनी आतून सफाई करतात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात वापरलेल्या पुडीच्या डब्यात दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून तो रोज रिकामा करून पुसावा. फार गडद भाजलेल्या, तेलकट बिया या यंत्रांच्या ग्राइंडरला चिकटून अडकतात. बियांचा डबाही काठोकाठ न भरता दोन दिवसांपुरताच भरावा.

पाचवी पायरी: वीज आणि पाणी

ओट्यावरचा साधा ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर सुमारे १३८० वॅट पेलतो. यंत्राच्या पाटीवर १४०० किंवा त्याहून अधिक वॅट लिहिले असेल तर १६ अँपिअरचा सॉकेट लागेल. तो बहुतेक घरांत फ्रिज किंवा मायक्रोवेव्हने आधीच अडवलेला असतो. यंत्र घेण्याआधी हे पाहून ठेवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि घरगुती यंत्रांतल्या कंप पावणाऱ्या पंपाचे ठोके हर्ट्झवर अवलंबून असतात. शिवाय एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर यंत्राइतकाच अवजड असतो. बॉयलर नसलेला लिव्हर मात्र कोणत्याही देशातून खुशाल बॅगेत आणावा.

पाण्यात क्षार जास्त असतील तर बॉयलरमध्ये थर साचतो आणि यंत्र अकाली मरते. मुंबईला तलावांचे मृदू पाणी मिळते. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांची स्थिती वेगळी असते. आरओचे पाणी क्षारमुक्त असले तरी त्याने कॉफी सपक लागते, आणि काही बॉयलरमधली पाण्याची पातळी ओळखणारी यंत्रणा पाण्याच्या वाहकतेवर चालत असल्याने फार शुद्ध पाणी तिला "दिसत" नाही. आरओचे पाणी आणि गाळलेले नळाचे पाणी मिसळून वापरणे हा सोपा मार्ग आहे. क्षार काढण्यासाठी यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेलेच द्रावण वापरावे. बॉयलर नसलेल्या लिव्हरला या साऱ्याची चिंता नसते. किटलीत साचलेला थर डोळ्यांना दिसतो आणि लिंबूसत्त्वाने निघतो.

सहावी पायरी: पैसे देण्याआधी

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: रबरी वलये आणि गाळण्या सुट्या मिळतात का, दुरुस्ती तुमच्या शहरात होते की यंत्र दुसरीकडे पाठवावे लागते, आणि बास्केट ५८, ५४ की ५१ मिलिमीटरची आहे. ५८ असेल तर टँपर (पूड दाबण्याचा ठोकळा) आणि बास्केट सहज मिळतात. वापरलेले यंत्र घेत असाल तर ते समोर सुरू करायला लावा, पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी गळते का ते पाहा, वाफ दोन मिनिटे सोडा आणि पाण्याच्या टाकीचा तळ बोटाने तपासा. गळकी वलये स्वस्तात बदलता येतात. क्षारांनी भरलेला बॉयलर घेऊ नये.

सातवी पायरी: पहिला पंधरवडा

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा यंत्राबरोबरच घ्या. भाजल्याची तारीख छापलेल्या बिया घ्या आणि त्या तारखेनंतर साधारण एक ते चार आठवड्यांत वापरा. नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनपासून मुंबईच्या सबकोपर्यंत भाजणारे आता आपल्या राज्यातच आहेत, आणि बिया चिकमगळूर-कूर्गच्या मळ्यांतून येतात. सुरुवातीला मध्यम ते गडद भाजणीच्या बिया घ्या. फिक्या भाजणीच्या बिया दळायला कठीण आणि जुळवायला अवघड असतात. थोडा रोबस्टा (कॉफीची अधिक कडक जात) असलेले मिश्रण दुधात चांगले उठते, आणि भारतीय रोबस्टा इटलीतले भाजणारेही आपल्या मिश्रणांत घालतात.

बास्केटच्या मापाप्रमाणे पूड ठरवा, उदाहरणार्थ १८ ग्रॅम, आणि पंधरा दिवस ती बदलू नका. ३६ ग्रॅम पेय उतरायला किती सेकंद लागले ते लिहा. वीस सेकंदांच्या आत उतरले आणि आंबट लागले तर दळण एक घर बारीक करा. चाळीसच्या पुढे गेले आणि कडू-तुरट लागले तर एक घर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. लिव्हर असेल तर पहिले आठ दिवस दाब बदलत बसू नका. दाबमापकाचा काटा ८ बारवर स्थिर ठेवायला शिका आणि फक्त दळण जुळवा, कारण हात आणि दळण दोन्ही एकदम बदलले तर चव कशामुळे बदलली ते कळत नाही. पंपाचे यंत्र असेल तर पोर्टाफिल्टर लावूनच यंत्र तापू द्या आणि पूड भरण्याआधी रिकाम्या बास्केटमधून थोडे गरम पाणी काढा; पहिला कप आंबट येण्याचे पुष्कळदा हेच कारण असते.

पंधरवडा संपेपर्यंत वहीतले सेकंद एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. तेव्हा सुट्या वलयांचा एक संच मागवून डब्यात ठेवून द्या. रोजच्या वापरात ती वर्ष-दोन वर्षांत कडक होतात.